यानोश स्टार्कर हे हंगेरियन चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनसारखंच, पण मोठं तंतुवाद्य) कोण होते? त्यांचं कोणतं वादन आधी ऐकावं?

जन्म १९२४, बुडापेस्ट, ज्यू कुटुंब. शिक्षण तिथल्याच लिस्ट संगीत अकादमीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांना छावणीत डांबलं गेलं. ते वाचले, पण व्हायोलिन वाजवणारे त्यांचे दोन्ही भाऊ नाझींनी मारले. युद्धानंतर बुडापेस्ट ऑपेरात मुख्य चेलोवादक झाले, पण १९४६ मध्ये देश सोडला. १९४८ मध्ये अमेरिकेत गेले. आधी डल्लास सिंफनी हा वाद्यवृंद, नंतर न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा, मग शिकागो सिंफनी वाद्यवृंद. तिन्हीकडे मुख्य चेलोवादक. १९५८ पासून ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात शिकवलं. २०१३ मध्ये वारले.

आधी ऐका तो हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदाय यांचा एकल चेलोसाठीचा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना (१९१५). यात चेलोच्या खालच्या दोन तारा अर्ध्या स्वराने उतरवून लावतात, त्यामुळे खर्ज जास्त गडद होतो. एकच माणूस वाजवतोय यावर विश्वास बसत नाही! याच रचनेच्या पॅरिसमधल्या ध्वनिमुद्रणाने त्यांचं नाव झालं. तिसरा भाग तर नक्कीच ऐका: एवढ्या वेगातही प्रत्येक स्वर सुटा आणि स्वच्छ.

त्यानंतर जर्मन संगीतकार बाखचे एकल चेलोसाठीचे सहा सुइट, म्हणजे नृत्यप्रकारांवर बेतलेल्या छोट्या रचनांच्या मालिका. ते त्यांनी अनेकदा ध्वनिमुद्रित केले. नव्वदच्या दशकातल्या संचाला ग्रॅमी मिळालं. मला मात्र साठच्या दशकातला जास्त आवडतो. भावनेचं प्रदर्शन नाही, काही जणांना तो कोरडाही वाटतो, पण लय पक्की आहे.