मीटरवर १७.२ दिसतं, मग टाकी चारशे किलोमीटरला का संपते? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: नमस्कार सर, गेल्या दिवाळीत मी सेकंडहँड बीएमडब्ल्यू एम ५ घेतली, एफ १० मॉडेल, व्ही ८ इंजिन, कॉलेजात असल्यापासूनचं स्वप्न होतं. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणाले लिटरला १० देते. स्क्रीनवर ॲव्हरेज १७.२ दिसलं म्हणून मी अजूनच खूश झालो, पण ८० लिटरची टाकी फुल केली तरी चारशे किलोमीटरला रिझर्व्हचा लाईट लागतो. रोजचं फिरणं म्हणजे नाशिकमध्ये गंगापूर रोड ते अंबड एमआयडीसी, दुपारी जेवायला घरी, परत कारखाना, संध्याकाळी कॉलेज रोड. मुंबईला जाताना आकडा ११ वर येतो, परत येताना १२.५. हायवेला मायलेज कमी कसं होतं? मेकॅनिक म्हणतोय इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) बदलून टाका. काय करू?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: दादा, आधी इंजेक्टरचं थांबवा, एवढा मोठा खर्च नुसत्या शंकेवर करू नका. तुमच्या स्क्रीनवरचा आकडा किलोमीटर पर लिटर नाहीये, तो १०० किलोमीटरला किती लिटर लागतं ते दाखवतोय, युरोपात तसंच मोजतात. म्हणजे आकडा जितका कमी तितकं चांगलं. १०० ला १७.२ ने भागा, ५.८ येतं. चारशे किलोमीटरला साधारण ६९ लिटर गेलं, टाकीत ११ उरलं आणि लाईट लागला, हिशोब बरोबर जुळतो. सेटिंगमध्ये युनिट बदलता येतं, बदलून घ्या.

आता ते १० कुठून आलं? कंपनीचा त्या मॉडेलचा अधिकृत आकडा १०० किलोमीटरला ९.९ लिटर असा होता, म्हणजे लिटरला १०.१. विकणारे खोटं बोलले नाहीत, पण ती जुनी युरोपियन टेस्ट प्रयोगशाळेत रोलरवर व्हायची, वीस मिनिटं, ११ किलोमीटर, एसी बंद. नाशिकच्या द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर संध्याकाळी एसी लावून उभ्या गाडीशी त्याचा काही संबंध नाही. ४.४ लिटरचं ट्विन टर्बो इंजिन एसी चालू ठेवून नुसतं उभं असलं तरी तासाला दीड-दोन लिटर पितं आणि तेव्हा किलोमीटर शून्य.

पण तुमच्या बाबतीत सिग्नलपेक्षा मोठं कारण मला छोट्या फेऱ्यांचं वाटतं. दिवसातून चार-पाच वेळा तुम्ही गार इंजिन चालू करताय. गार इंजिनला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, ऑइल घट्ट असतं, आणि या इंजिनात ऑइलच आठ-नऊ लिटर आहे, ते तापायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तोवर तुमचा कारखाना येतो! टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरवर, पिवळा पट्टा बघा, गार असताना तो खाली असतो आणि ऑइल तापेल तसा वर सरकतो. तो वर जाईपर्यंत गाडी हळू चालवा, हे मायलेजपेक्षा इंजिनच्या आयुष्यासाठी मी अगदी कळकळीने सांगतोय. आणि जेवणाचा डबा कारखान्यावरच मागवला तर दोन फेऱ्या वाचतील.

मुंबईचं कोडं तर फार छान आहे. ११ म्हणजे लिटरला ९.१ आणि १२.५ म्हणजे ८. हायवेला मायलेज वाढतंच, फक्त येताना जरा कमी, कारण कसारा घाट. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, दोन टनाची गाडी तेवढी वर चढवायला सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल जादा लागतं आणि उतरताना त्यातलं बरंचसं वाचतं. १७० किलोमीटर धरले तर जाता-येताचा तुमचा फरक अडीच लिटर आहे, त्यातले दोन घाटाचे, उरलेलं ट्रॅफिकचं. तुमच्या गाडीला काही झालेलं नाही.

तरी खात्री करायची तर टाकी नोझल आपोआप कट होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरा आणि किलोमीटर भागिले लिटर. कट झाल्यावर अजून थोडं थोडं करून भरू नका. असं तीन टाक्या करा. शहरात ५.५ ते ६ येत असेल तर निवांत राहा. अचानक ४.५ वर आलं तर आधी टायरची हवा, एअर फिल्टर, ब्रेक चिकटतोय का हे बघायचं आणि स्कॅन करायचं, इंजेक्टर त्यानंतर.

प्रश्न: ई २० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे माझ्या जुन्या स्पोर्ट सेडानचं मायलेज पडलं असं वाटतंय. १०० ऑक्टेन टाकलं तर वाढेल का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: वाटतंय ते खरं असू शकतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली आहे. ऑक्टेन वाढलं म्हणजे ऊर्जा वाढली असं मात्र नाही, ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (पेट्रोल चुकीच्या वेळी आपोआप पेटून इंजिन ठोकणं) न होण्याची ताकद. तुमच्या इंजिनला ९५ किंवा ९८ लागत असेल आणि तुम्ही त्यापेक्षा कमी टाकत असाल तर सेन्सरला नॉकिंग कळतं आणि गाडीचा कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, पॉवर आणि मायलेज दोन्ही जातं, तिथे फरक पडेल. पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती चालतं ते त्यावर बघा आणि तेच पाळा.

प्रश्न: नवी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि चार्ज होणारी बॅटरी असलेली) एम ५ कागदावर लिटरला पन्नासच्या आसपास देते म्हणे, खरं का?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर: रोज चार्ज केली तरच. बॅटरी १८.६ किलोवॅट-अवरची आहे, शहरातलं तीस-चाळीस किलोमीटरचं फिरणं पेट्रोल न जाळता होईल, वरच्या गंगापूर रोडच्या दादांचं तर जवळजवळ सगळंच. पण बॅटरी संपल्यावर तुम्ही २४०० किलोपेक्षा जड गाडी ४.४ लिटरच्या व्ही ८ वर ओढताय, समृद्धीवर नागपूर गाठताना पन्नास विसरा. सोसायटीत पार्किंगला चार्जर बसवायची परवानगी मिळतेय का ते आधी विचारा, बुकिंग नंतर.