‘रिफ’ला मुखडा म्हणता येईल का?

ग्रेटा व्हॅन फ्लीट या अमेरिकी बँडच्या ‘स्टारकॅचर’ (२०२३) अल्बमवर मराठीत लिहिताना ‘रिफ’साठी ‘मुखडा’ चालेल का, आणि रिफ तो, ती की ते, असा प्रश्न आहे.

मुखडा नको. चित्रपटगीतात अंतरा संपला की ज्या ओळींवर परतायचे तो मुखडा. बंदिशीत तो समेवर आणून सोडतो. दोन्हीकडे तो गाणाऱ्याचा. रिफ ही वाद्याची, बहुधा गिटारच्या जाड तारांवरची, फिरून फिरून येणारी छोटी सुरावट. ‘पालुपद’ही याच कारणाने बाद. ‘धून’ म्हटले तर अख्खी चाल समजली जाते.

सर्वांत जवळ येतो तो ‘लेहरा’, म्हणजे तबलावादनाच्या साथीला पेटी-सारंगीवर फिरून फिरून वाजणारी सुरावट. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची (१९७२) रिफ पाहा. सा ग म, सा ग म॑ म, सा ग म ग सा: गंधार सगळीकडे कोमल, मधल्या तुकड्यात तीव्र मध्यमाचा स्पर्श. स्वर एवढे चारच. चार-चार मात्रांचे चार बार, म्हणजे हिशेबाने तीनतालाचे एक आवर्तन. पेटीवर एकेक स्वर वाजवला तर मात्र ती पोकळ वाटेल, कारण बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर सा बरोबर मंद्र प, ग बरोबर मंद्र कोमल नी, म बरोबर सा अशी जोडी घेतो, आणि दोन्ही तारा बोटांनी एकदम छेडतो.

तरी लेहरा म्हणू नये. लेहरा तबलजीला मात्रा दाखवायला असतो. ऐकणाऱ्याचे कान तबल्यावर. रिफचे उलट आहे. ती गाण्याची ओळखच असते आणि ड्रम्स तिच्यामागून येतात. शिवाय लेहरा अखंड चालतो, तर वरच्या गाण्यात गायन सुरू झाले की रिफ बाजूला होते. (‘लिक’ला, म्हणजे वादक मध्येच घेतो त्या छोट्या स्वरतुकड्याला, मात्र ‘हरकत’ बिनधास्त म्हणा, छान बसते.)

तेव्हा ‘रिफ’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगा. धून, तान, सुरावट यांच्या ओढीने ती स्त्रीलिंगीच बरी वाटते. मराठी वळणाने ‘वीट’, ‘जीभ’सारखे ‘रीफ’ लिहाल तर वाचकाला समुद्रातले प्रवाळ आठवतील. इकार ऱ्हस्वच हवा. विभक्ती ‘बस’सारखी लावा: रिफचा, रिफवर. ‘रिफेचा’ कानाला खटकते. अनेकवचनी ‘दोन रिफ’ पुरे, ‘रिफ्स’ची गरज नाही.

आणि अल्बमच्या जुन्या वळणाला ‘रेट्रो’ म्हणतात, त्यासाठी ‘जुनाट’ लिहू नका, तो शेरा होतो. ग्रेटा व्हॅन फ्लीटची सत्तरच्या दशकातल्या लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडशी तुलना सुरुवातीपासून होत आली आहे, त्यामुळे शेरा मारायचाच असेल तर तो उघड मारा. नाहीतर ‘सत्तरच्या दशकाच्या धाटणीचा’ म्हणा.