पंचवीस गुणांवर थांबू नका

प्रश्न : मुलगा पोलीस शिपाई भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर ५ मिनिटं ४० सेकंदांत धावतो, पण गोळा साडेसहा मीटरपुढे जात नाही. मैदानीत ५० पैकी २५ मिळाले की लेखीला बसता येतं ना? – एक पालक, तासगाव

उत्तर : २५ ही नुसती पात्रता. लेखीला प्रवर्गनिहाय एका जागेमागे दहाच उमेदवार बोलावतात, तेही मैदानी गुणांच्या क्रमाने. तेच गुण शेवटच्या यादीतही धरतात. म्हणून काठावरचं गणित आजच सोडा.

मुलांच्या गोळ्याचं वजन ७.२६० किलो आणि पूर्ण १५ गुणांना साडेआठ मीटर फेक लागते. बहुतेक मुलं नुसत्या हाताच्या जोरावर टाकतात, तिथेच घोटाळा होतो. गोळा तळहातावर नको, बोटांच्या मुळांशी हवा. तो मानेला टेकलेला, कोपर उचललेलं. जोर मागच्या पायातून कमरेत, मग खांद्यात आणि सगळ्यात शेवटी हातात यायला हवा. गोळा खांद्याच्या वरून सुटतो, त्यामुळे ४५ अंशांपेक्षा थोडा खालचा, ३५ ते ४० अंशांचा कोन बरा. कोपर खाली पडलं की गोळा चेंडूसारखा फेकला जातो आणि कोपराला दुखापत होते. सराव नुसत्या हलक्या गोळ्यावर करू नये. भरतीच्या दिवशी अंदाज हमखास चुकतो.

धावण्याचे पूर्ण २० गुण ५ मिनिटं १० सेकंदांना आहेत. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर प्रत्येक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत. पहिली फेरी ६८ सेकंदांत मारली की तिसरीत पाय जड होतात. घड्याळ लावून फेरी मोजा.

प्रश्न : अमेरिकेत पोलिसाला राज्याचं प्रमाणपत्र लागतं म्हणे. आपल्याकडे? – एक वाचक, कराड

उत्तर : कॅलिफोर्नियात १९५९ पासून त्यासाठी आयोग आहे. प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार मात्र त्याला २०२१ च्या कायद्याने मिळाला. आपल्याकडे असा वेगळा परवाना नाही. शिपायाला तासगाव तालुक्यातल्या तुरचीसारख्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात नऊ महिने काढावे लागतात. आंतरवर्गात कायदा, बाह्यवर्गात कवायत आणि गोळीबार, आणि परीक्षा दोन्हीची. चौकशीत दोष सिद्ध झाला तर बडतर्फ करता येतं, आणि बडतर्फ माणसाला पुन्हा सरकारी नोकरी सहसा मिळत नाही.