पंधरा लाखांची नोकरी आणि अठरा हजारांची नोकरी

सर, नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. सर केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, मुलगी अंबाजोगाईला बीएस्सी झाली, मग संभाजीनगरला विद्यापीठात पत्रकारितेत एमए केलं, आणि आता तिथल्याच एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजनं तिला कम्युनिकेशन सेलमध्ये महिना अठरा हजारांवर बोलावलंय. सरांचं म्हणणं असं की कॉलेजची जाहिरात करत फिरायला एमए कशाला लागतं, त्यापेक्षा तिनं बीएड करावं, कारण ओळखीच्या एका संस्थाचालकांशी बोलणं झालंय, हायस्कूल विनाअनुदानित आहे, पंधरा लाख द्यायचे, आज ना उद्या अनुदान येईल आणि पोरगी पर्मनंट होईल. मला विचारलंय काय, तर बीएड कुठून करावं.

बीएडचं राहू द्या सर. मला त्या पंधरा लाखांबद्दल बोलायचंय.

तुम्हीच लिहिलंय की तुम्ही स्वतः एक रुपया न देता लागलात. मग लेकीच्या वेळेला पतसंस्थेचं कर्ज आणि वरून रानाचा एक तुकडा, हे कशासाठी? ह्याला डोनेशन म्हणा, बिल्डिंग फंड म्हणा, ती लाच आहे आणि तिची पावती मिळत नाही. उद्या संस्थेत भावाभावांचं फाटलं (आपल्याकडं कुठल्या संस्थेत फाटत नाही?), नवी कार्यकारिणी आली, की जुन्या साहेबांनी दिलेला शब्द कोण पाळतं? वीस टक्के, चाळीस टक्के टप्प्याच्या अनुदानासाठी आझाद मैदानावर जाऊन बसणारी शिक्षक मंडळी तुमच्याच ओळखीत असतील, त्यातल्या कुणालाही फोन लावा आणि विचारा की रुजू झाल्यापासून पूर्ण पगार हातात यायला किती वर्षं गेली, आणि तोवर घर कुणी चालवलं. बीएडची दोन वर्षं अजून पुढंच आहेत, म्हणजे आज पैसे द्यायचे ते दोन वर्षांनी निघेल न निघेल अशा जागेसाठी. आणि तिला खरंच शिकवायचं असेल तर अनुदानित शाळांतल्या जागा अभियोग्यता चाचणी आणि सरकारच्या पवित्र ह्या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून भरतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

पण तिला शिकवायचंय का? एवढ्या मोठ्या पत्रात तिच्याबद्दल इतकंच सापडलं की "ती ऐकत नाही". आणि पुढं लगेच, स्थळ बघताना शिक्षिका आहे म्हटलं की समोरच्याला कळतं, हे कम्युनिकेशन म्हणजे काय ते पाहुण्यांना कसं सांगायचं. खरं सांगू का सर, ही ओळ वाचून मला राग आला. पाहुण्यांना सांगायला सोपं जावं म्हणून लेकरानं दोन वर्षं आणि तुम्ही आयुष्यभराची पुंजी घालायची? तुम्हाला तिची काळजी आहे हे दिसतंय, पण पत्रातली निम्मी काळजी लोकांची आहे.

आता त्या कामाबद्दल. कॉलेजचं मार्केटिंग म्हणजे ॲडमिशन गोळा करणं, हा समज तुमच्या एकट्याचा नाही, आणि तो उगाच झालेला नाही. बारावीचा निकाल लागला की विनाअनुदानित कॉलेजातले प्राध्यापक टार्गेट घेऊन गावोगाव फिरतात, पोरांच्या घरी जाऊन बसतात, पॅम्प्लेट वाटतात, हे आपण बघतोच. ते विक्रीचं काम आहे, आणि त्यासाठी कॉलेजं "ॲडमिशन कौन्सिलर" म्हणून वेगळी माणसंपण घेतात, पगार कमी आणि ॲडमिशनमागं कमिशन. कम्युनिकेशन सेलचं काम वर्षभराचं असतं. कॉलेजात काय चाललंय ते शोधून नीट लिहायचं, पेपरला प्रेसनोट द्यायची, वेबसाइट आणि सोशल मीडिया सांभाळायचं, माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवायचा, प्राध्यापकाचं संशोधन साध्या मराठीत सांगायचं, आणि परीक्षेबद्दल किंवा फीबद्दल व्हॉट्सॲपवर काही भलतंच फिरायला लागलं की तासाभरात खरी माहिती बाहेर द्यायची. नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था, तिची तपासणी आली म्हटल्यावर कार्यक्रमांचे अहवाल आणि जिओटॅग फोटो शोधायला सगळं कॉलेज पळतं, ते ज्यानं वर्षभर जपून ठेवलं त्याची किंमत तेव्हा कळते. एनआयआरएफ हे केंद्र सरकारचं कॉलेज-विद्यापीठांचं रँकिंग २०१६ पासून निघतंय, त्यात शंभरातले दहा गुण परसेप्शनचे असतात, म्हणजे दुसऱ्या संस्थांतली प्राध्यापक मंडळी आणि नोकरी देणारे त्या कॉलेजला काय समजतात त्याचे. त्यांना कॉलेजचं नावच ठाऊक नसेल तर ते गुण येणार कुठून?

आपल्या भागात तर ह्या कामाची फार गरज आहे. एकच उदाहरण देते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. हे न समजल्यानं कुणी मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरून बसतं, कुणी खर्चाच्या भीतीनं पोरीला इंजिनिअरिंगला पाठवतच नाही. कॉलेजचं माहितीपत्रक मात्र गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत, पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो. धारूरच्या बापाला पाहिजे असतं की होस्टेल कॅम्पसमध्ये आहे का बाहेर, मेसचे किती, शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा फॉर्म कोण भरून देणार. हे सरळ मराठीत लिहू शकणारं माणूस कॉलेजांकडं सहसा नसतं. तुमची मुलगी बीएस्सी झालेली, तिकडचीच, लिहिता येणारी. तिला का बोलावलं ते मला तरी कळलं.

फक्त ऑफर कशाची आहे ते तिनं आधी तपासावं, कारण नाव कम्युनिकेशनचं आणि काम फोन लावायचं असंही होतं. नेमणूकपत्रात कामं लिहून मागायची, ॲडमिशनचं टार्गेट आहे का ते स्पष्ट विचारायचं, आणि असेल तर नोकरीला नाही म्हणायचं, तेव्हा मीसुद्धा तुमच्या बाजूनं. स्वतःची मूळ प्रमाणपत्रं जमा करायची नाहीत, दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि परत आणायची. मुलाखतीत एक विचारायला सांगा, की जाहिरातीत "१०० टक्के प्लेसमेंट" लिहायचं तर कंपनीनिहाय यादी मिळेल का. जाहिरात क्षेत्राची आस्की म्हणून स्वनियमन संस्था आहे, तिचे शिक्षणसंस्थांसाठी वेगळे नियम आहेत आणि पुरावा नसताना असले दावे करता येत नाहीत. ह्या प्रश्नावर समोरचा माणूस चिडला तर जागा कशी आहे ते तिथंच समजेल.

एमपीएससीचं म्हणाल तर माहिती खात्यातल्या जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारख्या जागा त्यातून निघतात, जाहिरात आली की फॉर्म भरावा, हा अनुभव तिथं कामाचाच आहे.

आणि पर्मनंट? तसं हे काम नाही. सरकारी विद्यापीठात जनसंपर्क अधिकाऱ्याची जागा असते पण ती मोजकीच, खासगीत सगळं करारावर. इथं माणूस दोन-तीन वर्षं काम दाखवतं आणि पुढच्या मोठ्या संस्थेत जातं, पुण्यातल्या खासगी विद्यापीठांमध्ये ह्याच कामाच्या अख्ख्या टीम आहेत. त्यासाठी तिनं आपण लिहिलेलं, केलेलं सगळं पहिल्या दिवसापासून स्वतःकडं जपून ठेवावं.

अठरा हजार कमीच आहेत. संभाजीनगरला खोली, मेस, येणं-जाणं जाऊन हातात फार काही राहायचं नाही. तिनं बावीस मागावेत, वीसवर यावं, आणि सहा महिन्यांनी पगार पुन्हा बघू हे तोंडी न ठेवता कागदावर घ्यावं. पहिले काही महिने कमी पडले तर थोडे तुम्ही घाला, पंधरा लाखांपुढं ते काहीच नाहीत. पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या.