'ट्रॉन' आडनावाची मंडळी

प्रश्न असा आहे: इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन, पॉझिट्रॉन हे कण आणि मॅग्नेट्रॉन, सायक्लोट्रॉन ही यंत्रं, सगळ्यांचं आडनाव 'ट्रॉन'. मग त्याचा अर्थ काय, आणि ही सगळी एकाच घरची का?

आडनावबंधू आहेत, भाऊबंद नव्हेत. किमान तीन कुळं आहेत.

थोरला इलेक्ट्रॉन. ग्रीकमध्ये 'एलेक्ट्रॉन' म्हणजे अंबर, आपला तृणमणी. घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो, म्हणून तृणमणी. या गुणावरूनच विल्यम गिल्बर्टने १६०० साली लॅटिनमध्ये 'इलेक्ट्रिकस' हे विशेषण वापरलं. पुढे १८९१ मध्ये जॉर्ज जॉनस्टन स्टोनी यांनी विद्युतभाराच्या मूलभूत एककाला 'इलेक्ट्रॉन' म्हटलं, तेव्हा त्यांच्यापुढे 'इलेक्ट्रिक' आणि फॅरेडेचा 'आयन' (विद्युतभारित कण) हे शब्द होते. म्हणजे फोड 'इलेक्ट्र + ऑन' अशी. 'ट्र' हा पहिल्या नावाचा भाग. गंमत म्हणजे १८९७ मध्ये तो कण प्रत्यक्ष हाती लागला तो जे. जे. थॉमसन यांना, आणि ते त्याला बराच काळ 'कॉर्पसल', म्हणजे सूक्ष्म कण, म्हणत राहिले.

न्यूट्रॉनमधला 'ट्र' लॅटिन 'न्यूटर'चा, 'दोहोंपैकी एकही नाही' या अर्थाचा: भार ना धन, ना ऋण. नपुंसकलिंगालाही लॅटिनमध्ये हाच शब्द, आणि 'ऑन' हा ग्रीकमधला नपुंसकलिंगी प्रत्यय! मराठीत आपण मात्र त्याला बिनदिक्कत 'तो न्यूट्रॉन' म्हणतो. प्रोटॉन या पंगतीत बसतच नाही. 'प्रोटॉस' म्हणजे पहिला, तिथे 'ट्र' नाहीच. पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार, मात्र सरळ 'पॉझिटिव्ह' आणि 'इलेक्ट्रॉन' कापून जोडलेला आहे. त्याचा शोध लावणाऱ्या कार्ल अँडरसन यांनी जोडीला इलेक्ट्रॉनचं 'नेगाट्रॉन' असं बारसंही सुचवलं होतं. ते रुळलं नाही, बरंच झालं.

यंत्रांची गोष्ट वेगळी. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निर्वात नळीला 'केनोट्रॉन' म्हणू लागले: 'केनॉस' म्हणजे रिकामं, आणि 'ट्रॉन' हा ग्रीकमधला साधनवाचक प्रत्यय. 'आरोट्रॉन' म्हणजे नांगर, नांगरण्याचं साधन. त्याच वळणावर १९२१ मध्ये अल्बर्ट हल यांचा मॅग्नेट्रॉन आला. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये लहरी तयार करतो तो हाच. सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणारं यंत्र, हे अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेतलं आधी नुसतं बोलीतलं नाव होतं. पुढचे बीटाट्रॉन, सिंक्रोट्रॉन त्याच्याच मागून आले.

हा साधनवाचक 'ट्रॉन' आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातला 'त्र' त्याचा सख्खा चुलतभाऊ. दोन्ही एकाच प्राचीन भारोपीय, म्हणजे संस्कृत आणि ग्रीक यांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या, प्रत्ययातून आले. ज्याने नेलं जातं ते नेत्र, ज्याने कापायचं ते शस्त्र, ज्याने नाव चालवायची ते अरित्र, म्हणजे वल्हं, ज्याने खणायचं ते खनित्र. ज्याने शिकवायचं ते शास्त्र हेही त्याच घरातलं, म्हणजे पदार्थविज्ञानशास्त्र आणि सायक्लोट्रॉन यांची शेपटं नात्यातली निघाली. पाणिनीने नेत्र, शस्त्र यांसाठी सांगितलेल्या प्रत्ययाचं नाव आहे 'ष्ट्रन्'. कानाला अगदी 'ट्रॉन'च, पण त्यातले 'ष्' आणि 'न्' या नुसत्या व्याकरणाच्या खुणा आहेत. त्या गळल्या की 'ष्'मुळे झालेला 'ट' पुन्हा 'त' होतो आणि उरतो 'त्र'. तेवढा सारखेपणा योगायोगाचा.