पीटर पार्कर किती वेळा दहावी-बारावीत बसणार?

प्रश्न : सिनेमातला स्पायडरमॅन, म्हणजेच पीटर पार्कर, पुन्हा पुन्हा शाळेतच का दिसतो? कॉलेज, नोकरी दाखवायला काय हरकत? – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : हरकत काहीच नाही. कॉमिक्समध्ये तो १९६२ साली आला आणि १९६५ मध्ये शाळा संपवून कॉलेजात गेलासुद्धा! सिनेमावाले नट बदलला की गोष्ट पहिल्यापासून मांडतात, म्हणून पुन्हा वर्ग, पुन्हा डबा. शाळेत ताण आयता मिळतो : गुपित, घरच्यांची नजर, उशिरा परतणं.

आमच्या मते १९ ते २२ हे वय सर्वांत कसदार. कॉमिक्समध्ये तो जे जाळं फेकतो, त्याचं द्रावण स्वतः बनवतो. शाळेची प्रयोगशाळा सुटली की रसायनं विकत आणायची, त्याच पैशांतून खोलीभाडंही द्यायचं, आणि कमाई काय, तर स्वतःचेच फोटो वर्तमानपत्राला विकून मिळेल ती. कॉलेज रोडला कॉटबेसिसवर राहणाऱ्या कुठल्याही पोराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. पटकथेत मात्र हे संवादात सांगू नका. ऐन मारामारीत द्रावण संपू द्या.

संसार दाखवणं अवघड. कॉमिक्सने १९८७ मध्ये त्याचं लग्न लावलं आणि वीसेक वर्षांनी कथेतूनच पुसून टाकलं.