बंद पडलं होतं, की बंद ठेवलं होतं?

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्याकडे ओंडके ओढायचा जुना स्किडर आहे. चार मोठी चाकं, मधोमध वळणारी चेसिस, मागे विंच (ओंडके ओढायचा तारेचा रोप गुंडाळणारा ड्रम), पुढे ढकलायचं पातं आणि चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. बाबा तो चालवायचे. गेली बारा वर्षं तो पत्र्याच्या शेडखाली उभा आहे. शेड तोकडी, त्यामुळे पुढचा भाग पावसातच राहिला. आता आमच्या लागवडीतली झाडं तोडायला आली आहेत. भाऊ म्हणतो, हा भंगारात देऊ आणि अलीकडचा, वापरलेला एखादा घेऊ. मला वाटतं, इंजिन सुरू झालं तर हाच वापरावा. बाबांना विचारलं तर म्हणाले, "चांगला चालत होता, फक्त शेवटी शेवटी ब्रेक दोनदा दाबावा लागायचा." आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य बाबांचं आहे. जुनं यंत्र घेऊन कुणी माझ्याकडे आलं की मी आधी एवढंच विचारतो : हे बंद पडलं होतं, की बंद ठेवलं होतं? काम संपलं म्हणून धडधाकट उभं केलेलं यंत्र आणि काहीतरी मोडलं, दुरुस्ती झेपेना म्हणून कोपऱ्यात लोटलेलं यंत्र, बारा वर्षांनी दोन्ही सारखीच गंजलेली दिसतात. आतून मात्र फार फरक असतो. तुमचं बंद ठेवलेलं आहे, म्हणून मला आशा वाटते. पण ब्रेक दोनदा दाबावा लागायचा, हे बाबांनी सहज सांगितलं असलं तरी तुम्ही सहज घेऊ नका. त्यावर पुढे येतो.

आधी तुमच्या "इंजिन सुरू झालं तर" या अटीबद्दल. ही अटच मला मान्य नाही. अशा यंत्रात इंजिन हा त्यातल्या त्यात सोपा भाग. तेच इंजिन बहुतेक वेळा जनरेटरवर, पंपावर, ट्रकवरही बसवलेलं असतं, त्यामुळे पिस्टन, लायनर, गॅस्केट मिळून जातात. गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटी, एक्सलचे सील, विंचचे ब्रेक बँड हे मात्र त्या यंत्रापुरतेच. गेली अडतीस वर्षं मी हेच काम करतोय आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. इंजिन धडधडायला लागतं, घरातली म्हातारी माणसं डोळे पुसतात आणि त्या क्षणी निर्णय होऊन जातो. मग सहा महिने एकेक भाग उघडत जातो आणि पैसा जिरत जातो. म्हणून निर्णय इंजिनाला हात लावायच्या आधी घ्यायचा.

सेल्फ मारायचा नाही, यंत्र ढकलायचं नाही, जागचं हलवायचंसुद्धा नाही. बारा वर्षं एका जागी उभं आहे, याचा एक फायदा तुमच्या पदरात आहे. ऑइलमध्ये शिरलेलं पाणी जड असल्यामुळे आता तळाशी बसलेलं असतं. एकदा फिरवलंत की ते पुन्हा मिसळलं. इंजिनाचा चेंबर (तळाची ऑइलची टाकी), गिअरबॉक्स, पुढचा-मागचा डिफरन्शियल, चारही हब आणि हायड्रॉलिक टाकी, प्रत्येकाचा तळाचा बोल्ट अगदी हळू, अर्धा-पाऊण आटा सैल करा आणि खाली काचेची स्वच्छ बरणी धरा. पहिल्या चार थेंबांतच उत्तर मिळतं. काळं ऑइल आलं तर बरं. आधी स्वच्छ पाणी आणि मागून ऑइल आलं, तर किती पाणी आलं ते बरणीवर खूण करून लिहून ठेवा. दुधाळ, राखाडी आलं तर पाणी शिरलेलं असतानाच यंत्र चालवलं गेलंय, म्हणजे आतल्या बेअरिंगांवर गंजाचे डाग धरून चालायचं. शंका वाटली तर दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका. ऑइलमध्ये पाणी असेल तर तडतडतं.

इंजिनाच्या चेंबरमध्ये पाणी निघालं तर ते कुठून आलं, हे शोधायला हवं. तुमच्या यंत्राचा पुढचा भाग उघड्यावर होता. सायलेन्सरच्या उभ्या नळकांड्यावर झाकण होतं का? नसेल तर पावसाचं पाणी मॅनिफोल्डमधून खाली येतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात उतरतं. असं झालं असेल तर एखादंच सिलिंडर बिघडलेलं असतं, बाकीची ठीक असतात. पाण्यात रेडिएटरच्या कूलंटचा रंग दिसला तर मात्र गोष्ट वेगळी. मग हेड गॅस्केट किंवा लायनरखालच्या रबरी रिंगा गेल्या असं समजायचं.

आता ब्रेक. पहिल्या दाबाला पॅडल खाली जातं आणि दुसऱ्या दाबाला धरतं, याचा अर्थ लाइनमध्ये हवा आहे, मास्टर सिलिंडरचं (पॅडल दाबल्यावर ब्रेकचं ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाचं) रबर गळतंय, किंवा ब्रेकची झीज इतकी झाली आहे की एका दाबाचं ऑइल पुरत नाही. बारा वर्षांपूर्वी ही सुरुवात होती. त्यानंतर ब्रेकच्या ऑइलने हवेतला ओलावा शोषलाय आणि सिलिंडर आतून खाल्ले गेलेत, असंच मी गृहीत धरेन. त्यामुळे ब्रेक तपासून बघू, हा पर्याय तुमच्यापुढे नाही. मास्टर सिलिंडरपासून शेवटच्या पाइपापर्यंत सगळं नवं घालायचं आणि तो खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरायचा. ओंडके मागे बांधलेले असताना उतारावर ब्रेक गेला तर खालच्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी माणूस वाचला, तो मधे एक जाड बुंधा होता म्हणून.

मग मधला सांधा, जिथे यंत्र वळतं. मला तपासायला एकच जागा दिली तर मी हीच तपासेन. चेसिसखाली जॅक लावा, चाकांना दोन्हीकडून ओंडक्यांची उटी द्या, आणि वजन हळूहळू उचलताना कुणाला तरी वरच्या-खालच्या पिनकडे बघायला सांगा. पिन आधी हलली आणि चेसिस नंतर उचलली गेली, तर तेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. थोडा प्ले असेल तर बेअरिंग, बुश बदलून काम होतं. पण पिन ज्या भोकात बसते ते भोकच अंडाकृती झालं असेल, किंवा आजूबाजूच्या वेल्डिंगमधून केसासारखी गंजाची रेष बाहेर येत असेल, तर माझं मत भावाच्या बाजूने. ती रेष तारेच्या ब्रशने घासा. रेष पुसली गेली तर नुसता गंज, पुन्हा दिसली तर तडा. ते भोक भरून पुन्हा बोअर करता येतं, पण त्यासाठी यंत्र मधून वेगळं करावं लागतं आणि एवढं काम बारा वर्षं उभ्या असलेल्या यंत्रावर करणं मला पटत नाही.

हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यांवरून नख फिरवा. यंत्र एका बाजूला वळवून उभं केलं असेल तर स्टिअरिंगच्या एका सिलिंडरची दांडी बाहेर राहिलेली असते आणि तीच गंजते. नख अडकलं तर नवा सील आठवड्यात फाटणार, दांडी बदलावी किंवा पुन्हा क्रोम करून घ्यावी लागेल. होज पाइप सगळे बदला, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पुढे कधी गळती शोधायची वेळ आली तर हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा लांब तुकडा फिरवा. दाबाखालचं ऑइल बारीक छिद्रातून कातडीत घुसतं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आतलं मांस सडायला लागतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठायचा आणि "हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय" हे शब्द स्वतःहून सांगायचे.

चालकाच्या डोक्यावरचा पिंजराही बघा. त्याच्या खांबांचे पाय, जिथे चिखल साचतो, तिथे हातोडी हलकेच वाजवा. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आला तर आतून पत्रा गेला. यंत्र उलटलं तर तग धरणाऱ्या पिंजऱ्याची चाचणी कुणाच्या अंदाजाने होत नाही. जंगलकामाच्या यंत्रांसाठी त्याला आयएसओ ८०८२ आणि वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी आयएसओ ८०८३ अशी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. गावठी वेल्डिंगने जोडलेला पिंजरा ही चाचणी पास झाला, असं कुणीही म्हणू शकत नाही. पिंजरा खराब आणि कंपनीचा दुसरा मिळत नाही, तर विषय तिथेच संपतो. बाबांचं यंत्र असलं तरी.

हे सगळं बघायला दोन दिवस लागतील. त्यानंतर यंत्राच्या पाटीवरचा अनुक्रमांक घेऊन सुट्या भागांच्या विक्रेत्याला फक्त पाच गोष्टी विचारा : एक्सलचे सील, ब्रेकच्या डिस्क, गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटी, विंचचा ब्रेक बँड आणि स्टिअरिंग सिलिंडरचे सील किट. कंपनी बंद झाली म्हणून घाबरू नका. स्किडर बनवणारी टिंबरजॅक ही कंपनी २०००मध्ये जॉन डिअरकडे गेली, अशी उदाहरणं आहेत. नाव बदलतं, भाग कधी कधी मिळत राहतात. पाचापैकी चार मिळाले तर पुढे जा. दोनच मिळाले तर थांबा.

इथपर्यंत यंत्र टिकलं तरच इंजिन. डिझेल फवारणारी नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा. अडकलं तर जोर करू नका, मागे-पुढे हलवत राहा. डिझेलची टाकी उतरवून धुवा. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढून काळा बुळबुळीत थर जमतो, तो फिल्टर एका तासात चोक करतो. आणि कृपा करून, पहिल्यांदा सुरू करण्याआधी फ्युएल पंपाचा रॅक, म्हणजे इंजिनाला किती डिझेल जायचं ते ठरवणारी दांडी, मोकळा हलतो का, ते बघा.

मी शिकाऊ होतो तेव्हा आठेक वर्षं उभं असलेलं एक इंजिन आम्ही सुरू केलं. लगेच लागलं. मी आनंदाने ओरडलो, आणि आवाज वाढतच गेला. रॅक गंजून पूर्ण डिझेलवर अडकला होता. बंद करायची तार ओढली तर ती हातात आली. वस्ताद काही न बोलता एअर फिल्टरच्या उघड्या तोंडाशी गेले आणि तिथे आधीच आणून ठेवलेली फळी दाबून धरली. हवा तुटली, इंजिन गुदमरून थांबलं. ती फळी त्यांनी सकाळीच मापून कापली होती आणि मी ती कशाला म्हणून विचारलंही नव्हतं. तेव्हापासून जुनं डिझेल इंजिन पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभा असतोच. फळीच हवी. हात नाही आणि कापडही नाही, दोन्ही आत ओढलं जातं.

आता भावाचं म्हणणं. वापरलेलं दुसरं यंत्र घेणं म्हणजे दुसऱ्याच्या अडचणी घेणं, आणि त्या तुम्हाला माहीत नसतात. तुमच्या स्किडरचा इतिहास सांगणारा माणूस घरात बसलाय, ही मोठी गोष्ट आहे. पण तुमचं काम किती? स्वतःच्या लागवडीतले ओंडके वर्षातले तीन-चार आठवडे ओढायचे असतील आणि एखादा आठवडा यंत्र उभं राहिलं तरी चालणार असेल, तर जुनं दुरुस्त करणं योग्य. बाहेरची कामं घेणार असाल, रोज माणसं खोळंबणार असतील, तर भावाचं ऐका. दुरुस्तीचा अंदाज कागदावर मांडा, त्यात त्याच्या निम्मी रक्कम अजून मिळवा आणि मगच अलीकडच्या यंत्राच्या किमतीशी ताडून बघा. ती निम्मी रक्कम कुठे जाते हे आधी कळत नाही, पण ती जाते.

तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून माझा कल तुमच्याकडे आहे. मधला सांधा आणि पिंजरा नीट निघाला तर हा स्किडर उभा करा. बरण्या भरताना बाबांना शेजारी खुर्ची टाकून बसवा. कुठलं ऑइल कधी बदललं, कुठला सील कधी गळायला लागला, हे त्यांना बघता बघता आठवेल.

प्रश्न : आजोबांची चेन-सॉ वीस वर्षं पेटीत होती. मुठीपुढे हाताला आडोसा नाही, चेन ब्रेक नाही. दुरुस्त करून वापरू का?

उत्तर : दुरुस्त करा, वापरू नका. कार्ब्युरेटरचा पडदा, पेट्रोलची नळी, क्रँकचे सील बदलले की ती चालू होईल, कारण हे रबरच वाळलेलं असतं. सील न बदलता चालवली तर हवा जास्त आत येऊन पिस्टन चिकटतो. पण पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की सॉ क्षणात तोंडाकडे उसळते. ती साखळी थांबवणारा ब्रेक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून यायला लागला, तो अशा अपघातांसाठीच. आजोबांची आठवण म्हणून ती चालती ठेवा, झाडं कापायला नवीन घ्या.

प्रश्न : विंचचा वायर रोप वरून चांगला दिसतो, ग्रीसही आहे. ठेवावा का?

उत्तर : वर्षानुवर्षं ड्रमवर पडून असेल तर नाही. तो आतून गंजतो, बाहेरच्या ग्रीसवर जाऊ नका. वापरातल्या रोपासाठी क्रेनवाले जे माप लावतात ते लक्षात ठेवा : एक लर (तारा पिळून केलेला रोपाचा एक पदर) पूर्ण वेढा घेते तेवढ्या लांबीत सहा तारा तुटलेल्या, किंवा एकाच लरीत तीन, की रोप बाद. जाड चामडी हातमोजे घाला, तुटकी तार तळव्यात खोल जाते. आणि काढलेला रोप शेडमध्ये गुंडाळून ठेवू नका. कधीतरी कुणीतरी घाईत तोच बांधतो. हातभर लांबीचे तुकडे करा आणि त्याच दिवशी भंगारात द्या.